कस्टडीचा निकाल तारखाच लावून टाकतात

मुलाच्या कस्टडीची केस कोर्टात गेली की सगळे एकच विचारतात, मूल कुणाला मिळणार, आईला की बाबाला? मला विचाराल तर बऱ्याच केसमध्ये जज काही लिहायच्या आधीच निकाल लागलेला असतो आणि तो नुसत्या तारखांनी लावलेला असतो.

होतं काय बघा. नवरा-बायको वेगळे होतात, मूल एकाकडे राहतं, दुसरा अर्ज करतो. मग नोटीस पोचली नाही, वकील आले नाहीत, उत्तराला मुदत पाहिजे, जजची बदली झाली असं करत करत वर्ष निघून जातं. आणि शेवटी कोर्ट म्हणतं मूल आता इथे रुळलंय, शाळा इथली, मित्र इथले, त्याला हलवू नका. त्या दिवशी ते खरंही असतं हो, पण ते रुळलं कारण केस रेंगाळली! म्हणजे जो वेळ काढेल त्याचं फावतं.

१९८० चा हेग करार बघा, एका पालकाने मूल परस्पर दुसऱ्या देशात नेलं तर तो मानणाऱ्या देशांमध्ये लागू होणारा. वर्षाच्या आत प्रकरण कोर्टात आलं तर काही अपवाद सोडून मूल परत पाठवायचं, पण वर्ष उलटल्यावर आलं आणि मूल नव्या जागी रुळलेलं असलं तर न पाठवण्याची मुभा. ६ आठवड्यांत निर्णय झाला नाही तर उशीर का झाला हे विचारायची सोयही त्यातच आहे. वेळेचं महत्त्व तिथे ओळखलंय, मग एकाच गावातल्या आईबापांच्या केसला का नाही?

दोन वर्षांची मुलगी कित्येक महिने बाबाला भेटलेलीच नाही आणि मग भेटीच्या खोलीत एक तास मिळतो. अर्धा तास ती आईला चिकटूनच असते, बाबाने अंदाजाने आणलेला फ्रॉक डोक्यातूनच जात नाही, आणि रिपोर्टमध्ये जातं काय तर मुलगी वडिलांकडे जायला तयार नाही. पुढच्या तारखेला तोच कागद त्याच्याविरुद्ध. बाबाच्या जागी आई असली तरी हेच. भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय की दोन्ही पालकांचं प्रेम आणि सहवास हा मुलाचा मानवी हक्क आहे, कस्टडी नसलेल्याला व्हिडिओ कॉलवर बोलू द्या. पण हा हक्क केस संपल्यावर मिळून काय उपयोग, बालपण थांबतं का तोपर्यंत?

मारहाणीचा किंवा छळाचा आरोप असेल तिथे घाईने भेट सुरू करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. तिथे तर चौकशी अजून लवकर पाहिजे, आरोप खरा असेल तर मूल आज धोक्यात आहे.

बाकीच्या केसमध्ये अर्ज आल्यावर काही आठवड्यांतच तात्पुरता आदेश हवा, वार, वेळ, सुट्ट्या, कोण आणणार कोण सोडणार सगळं लिहिलेला. बुडवलेली भेट नंतर भरून द्यायलाच लावा. आणि जो मुद्दाम तारखा घेत राहिला त्याच्या तोंडी "मूल आता इथे रुळलंय" हे ऐकून घेताना कोर्टाने आधी रोजनामा, म्हणजे केसच्या प्रत्येक तारखेची नोंद, उघडून कुणी किती तारखा मागितल्या ते बघावं.