दाता सुखी भव

विद्यापीठ चालवताय आणि तिजोरीत खडखडाट आहे? मग परक्या सरकारपुढे हात पसरायला लाजू नका. त्याला ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ म्हणायचं, की झालं. अमेरिकेत शंभराच्या आसपास विद्यापीठांनी चिनी भाषा-संस्कृती शिकवणाऱ्या, चीन सरकारच्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटला अशीच ओसरी दिली. २०१३ मध्ये आपल्या मुंबई विद्यापीठानेही दिली. भाषाशिक्षक बीजिंगच्या ‘हानबान’ या सरकारी कार्यालयाने धाडलेले, पुस्तकं त्यांची, वर रोकड. तुम्ही फक्त खोली झाडून ठेवायची.

चिनी कम्युनिस्ट पक्षाचे बडे नेते ली चांगचुन या संस्थांना आपल्या परदेशातल्या प्रचारयंत्रणेचा महत्त्वाचा भाग म्हणाले होते. मनावर घेऊ नका. पुढारी क्वचित खरं बोलतात, तेव्हा सांभाळून घ्यावं.

काय बोलू नये याची यादी कुणी पाठवेल, अशी वाट बघत बसू नका. ती समजून घ्यायची असते. २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने दलाई लामांना बोलावण्याचा बेत रद्द केला. कारण? तयारीला वेळ नाही, पैसे नाहीत. आवारात इन्स्टिट्यूट होती, हा निव्वळ योगायोग!

ताठ कणा दाखवण्याची हौसच असेल, तर स्टॅनफर्डकडून शिका. इन्स्टिट्यूट आणि एका अध्यासनासाठी चाळीस लाख डॉलर देऊ, पण त्या अध्यासनाच्या प्राध्यापकाने तिबेटसारख्या नाजूक विषयांवर बोलू नये, असं हानबानकडून सुचवलं गेलं. स्टॅनफर्डने बाणेदारपणे नकार दिला. पैसे तरीही आले, आणि अध्यासन ठरलं प्राचीन चिनी काव्याचं! त्या काव्यात तिबेट कशाला डोकावतोय? तत्त्व शाबूत, डॉलरही शाबूत.

पाहुणा कधी कधी अति करतो, तेही सोसायची तयारी ठेवा. २०१४ मध्ये पोर्तुगालमधल्या ब्रागा इथे युरोपातले चीन-अभ्यासक परिषदेला जमले होते. कार्यक्रमपत्रिकेत एका तैवानी प्रतिष्ठानचं नाव होतं. हानबानच्या प्रमुख शू लिन यांच्या हुकमावरून ती पानंच फाडण्यात आली. अभ्यासकांनी निषेध केला. तुम्ही मात्र अशा वेळी छपाईचा दर्जा घसरलाय म्हणून हळहळा.

आणि विवेक? तो योग्य वेळी जागा होतोच. शिकागोसारख्या मोजक्या विद्यापीठांची झोप २०१४ मध्येच मोडली; तिथे तर शंभरावर प्राध्यापकांनी ‘इन्स्टिट्यूट नको’ असा अर्ज केला होता. बाकीच्यांचा डोळा उघडला तो २०१८ नंतर. इन्स्टिट्यूट ठेवाल तर चिनी भाषेच्या शिक्षणासाठी पेंटॅगॉनचा, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचा, पैसा मिळणार नाही, असा कायदा झाला आणि शैक्षणिक स्वातंत्र्याची चिंता आवारोआवारी साथीसारखी पसरली. २०२३ पर्यंत अमेरिकेत अशा पाचसुद्धा संस्था उरल्या नव्हत्या.

तेव्हा पाटी उतरवायची वेळ आली, तर रडू नका. पाटीच तर उतरवायची आहे. वर्ग, करार, पाहुणे नव्या नावाखाली नांदवता येतात. हानबाननेसुद्धा २०२० मध्ये स्वतःचं नवं बारसं करून घेतलं.