लीगमधला पहिला मूलनिवासी खेळाडू डग निकोल्स नव्हे, जो जॉन्सन

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये दर मे महिन्यात सर डग निकोल्स यांच्या नावाने सामन्यांची खास फेरी होते. तेव्हा एक मजकूर हमखास फिरतो: ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये खेळलेले पहिले मूलनिवासी म्हणजे निकोल्स. त्यांच्याआधी दार बंदच होतं, ते त्यांनी उघडलं.’

पहिलं वाक्य चूक आहे. निकोल्स फिट्झरॉय क्लबकडून लीगमध्ये उतरले १९३२ साली. त्याच फिट्झरॉयकडून जो जॉन्सन १९०४ मध्येच खेळू लागला होता, म्हणजे तब्बल २८ वर्षं आधी.

यावर ‘असेल एखादा, दोनचार सामने खेळला असेल’ असं उत्तर येतं, आणि मला सर्वात जास्त खटकतं ते हेच. जॉन्सन तीन हंगामांत ५५ सामने खेळला. निकोल्स यांचे लीगमधले सामने ५४! जॉन्सनची सुरुवात आघाडीत झाली, पण त्याची खरी जागा ठरली बचावात, हाफ-बॅकला. १९०४ च्या अंतिम सामन्यात फिट्झरॉयने कार्लटनला ६१-३७ असं हरवलं. १९०५ मध्ये कॉलिंगवूडला त्यांनी ३०-१७ वर रोखलं. एका गोलला सहा गुण मिळतात, तेव्हा अख्ख्या सामन्यात १७ म्हणजे कॉलिंगवूडचे जेमतेम दोन गोल आणि थोडक्यात हुकलेल्या फटक्यांचे पाच सुटे गुण. दोन्ही विजेत्या संघांत जॉन्सन होता. १९०६ मध्येही फिट्झरॉय अंतिम सामन्यात पोचलं, त्या वेळी मात्र कार्लटनने उट्टं काढलं.

आता दाराची गोष्ट. जॉन्सन आत आला म्हणून दार सताड उघडं होतं, असंही कुणी समजू नये. त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी निकोल्स कार्लटनकडे गेले, तर त्यांना तिथून रंगावरून परत पाठवलं गेलं. आधी बंद आणि मग उघडं, असा सरळ हिशेब इथे लागतच नाही. निकोल्स यांनी सोसलेला अपमान खरा आहे. तो सांगायला जॉन्सनला पुसून टाकण्याची गरज नाही.

जॉन्सनबद्दल ‘त्याचा पुढे मागमूस राहिला नाही’ असं कुणी म्हटलं, तर तेही खोटं. त्याचा मुलगा पर्सी जॉन्सन १९५० च्या दशकात याच लीगमध्ये नॉर्थ मेलबर्नकडून खेळला.