चार सेलचा फ्लॅश आणि ६ व्होल्टचा गैरसमज

छायाचित्रकारांमध्ये एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो: जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर खुशाल लावा, कारण तो चार पेन्सिल सेलवर म्हणजे अवघ्या ६ व्होल्टवर चालतो, एकदा लावून पाहा, चमकला तर काळजी मिटली, आणि भीती वाटतच असेल, तर बंद ठेवून जोडा. जुने फ्लॅश धूळ खात पडू नयेत, ही त्यामागची तळमळ मलाही आहे. पण त्यासाठी दिलेले एकही कारण टिकत नाही आणि भुर्दंड पडतो तो कॅमेऱ्याला.

पहिले कारण सेलचे. फ्लॅश सुरू केल्यावर जो बारीक, चढत जाणारा आवाज ऐकू येतो, तो सेलचा विद्युतदाब सुमारे ३०० व्होल्टपर्यंत वाढवून मुख्य कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) भरणाऱ्या मंडलाचा असतो. अनेक जुन्या फ्लॅशमध्ये याच उच्च दाबावर आणखी एक छोटा कपॅसिटर भरला जातो आणि त्याचा दाब हॉट शूच्या (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवण्याच्या खाचेच्या) मधल्या टोकावर येऊन थांबतो. कॅमेऱ्याने ते टोक जोडले की तो कपॅसिटर ट्रिगर कॉइल या तारेच्या वेटोळ्यातून रिकामा होतो आणि फ्लॅशच्या नळीतला झेनॉन वायू पेटतो. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात ही जोडणी धातूच्या दोन पट्ट्या करत असत, त्यांना २०० व्होल्टचे फारसे सोयरसुतक नव्हते. डिजिटल कॅमेऱ्यात ते काम अर्धवाहक (सेमीकंडक्टर) स्विच करतो आणि त्याची सहनशक्ती ठरलेली असते. कॅमेरा-फ्लॅश जोडणीच्या आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकात २४ व्होल्टची मर्यादा आहे, तर निकॉनच्या अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत २५० व्होल्टपेक्षा अधिक किंवा ऋण दाब देऊ नये, असे बजावलेले आहे. म्हणजे एका कॅमेऱ्याला चालणारा फ्लॅश दुसऱ्याला चालेलच असे नाही.

‘एकदा चमकला म्हणजे सुरक्षित’ हे तर मला सर्वांत धोक्याचे वाटते. मर्यादेबाहेरच्या दाबाने असा स्विच पहिल्याच वेळी निकामी होतो असे नाही. तो हळूहळू कमकुवत होऊ शकतो, आणि शंभर वेळा नीट चाललेली जोडी पुढच्या वेळी दगा देते.

बंद ठेवून जोडण्याचा उपाय पोकळ आहे. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार बराच काळ टिकतो (म्हणूनच जुना फ्लॅश घरी उघडू नये), आणि जोडल्यावर तो सुरू करावाच लागतो.

‘माझ्या मित्राकडे हेच मॉडेल आहे’ हा युक्तिवादही पुरेसा नाही. व्हिव्हिटार २८३ या जुन्या मॉडेलचेच पाहा: जपानमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या फ्लॅशवर २०० व्होल्टहून अधिक दाब आढळतो, तर नंतर बनलेल्यांवर तो पुष्कळच कमी असतो. म्हणून आपल्या हातातला फ्लॅशच मोजावा. ताजे सेल घालून, फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून, तयारीचा दिवा लागल्यावरही थोडे थांबावे. डिजिटल मल्टिमीटर डीसीच्या ५०० व्होल्टहून मोठ्या पट्ट्यावर ठेवून लाल प्रोब पायाच्या मधल्या टोकाला आणि काळा प्रोब कडेच्या खाचेतील धातूला लावावा. एकच प्रोब चुकून मधल्या टोकाला आणि धातूला एकाच वेळी लागला तर फ्लॅश चमकेल, तेव्हा त्याचे तोंड डोळ्यांपासून वळवून ठेवावे आणि उघड्या धातूला बोट लावू नये. जुना काट्याचा मीटर मात्र वापरू नये. त्याचा अंतर्गत रोध कमी असल्याने तो दाब स्वतःच खाली ओढतो आणि खोटा दिलासा देतो. आकड्यापुढे उणे चिन्ह आले, तर ध्रुव उलटे आहेत, म्हणजे दाब ऋण आहे.

आकडा मर्यादेबाहेर गेला म्हणून फ्लॅश टाकून देण्याचे कारण नाही. प्रकाशावर चालणारा स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाश पडताच हा फ्लॅश चमकवणारे उपकरण) किंवा रेडिओ ट्रिगर (बिनतारी संदेशाने तेच करणारे उपकरण) वापरला, तर फ्लॅशची कॅमेऱ्याशी विद्युत जोडणीच राहत नाही. फ्लॅशला लावायच्या रिसीव्हरलाही स्वतःची मर्यादा असते, ती आधी पाहावी. पण रिसीव्हर जळालाच, तरी कॅमेरा शाबूत राहतो.