निळ्या जर्सीचं फडकं

परवा सकाळी बेळगावात उद्यमबागेला कारखान्यात निघताना स्कूटर पुसायला डिकीत हात घातला, तर ओळखीचं निळं कापड बाहेर आलं. उलटं करून बघितलं. पाठीवर अर्धा सोललेला ११ नंबर. २०२३ च्या जुलैत बेंगळुरूला कंठीरव स्टेडियमवर साफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेची फायनल बघायला गेलो होतो, त्या दिवशी बाहेर फुटपाथवर घेतलेली जर्सी. कुवेतला पेनल्टीवर हरवलं त्या रात्री मी ती अंगावरनं काढलीच नव्हती. दारात ही उभी होती. म्हणाली, "आता कुठं घालताय तुम्ही ती? ऑक्टोबरपासनं कपाटात तळाला पडलेली. पाणी ओढत नाही फारसं, पण धूळ चांगली निघते."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. पण नव्या वर्षात कोणी नवखा माणूस भारताच्या फुटबॉल संघाचा चाहता व्हायच्या विचारात असला, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगून ठेवतो. फी नाही.

सगळ्यात आधी हिशोब शिका. २०२४ मध्ये आपण ११ सामने खेळलो आणि जिंकले शून्य. नवखा माणूस इथंच गार होतो. मुरलेला चाहता म्हणतो, पाच बरोबरीत सोडवले की! मॉरिशसला हैदराबादेत ०-० असं रोखलं. कोणी कोणाला रोखलं, हे विचारायचं नसतं. वर्षभरात आपले गोल चार. त्यातला एक पेनल्टीवर, गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध, आणि तो सामनाही १-२ असा घालवला. जानेवारीत कतारला आशिया चषकात तीन सामन्यांत आपला एकही गोल नाही, आपल्यावर सहा. चढउतार नाहीत म्हणजे ब्लडप्रेशरला बरं.

एक खरा अन्याय कायम खिशात ठेवा. जून २०२४, दोहा. कतारविरुद्ध आपण १-० पुढं, चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला, आपली पोरं थांबलेली, आणि त्यांनी तो आत ओढून गोल केला तर तो दिला. सामना १-२ गेला. हा एक गोल जपून वापरला तर दहा वर्षं पुरतो. बाकी दहा सामन्यांचं काय, असं कोणी विचारलं की पुन्हा दोहाच सांगायचं.

जोडीला १९६२ पाठ करा. जकार्ता, एशियाडचं सुवर्ण, फायनलला दक्षिण कोरिया.

संयम मात्र मी तुम्हाला शिकवणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला वाट बघायला शिकवणं म्हणजे गोकाकच्या माणसाला करदंट भरवणं. २००४ पासून आपला सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. तारीख पडते, पुढं जाते, आपण एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो आणि दोन नोव्हेंबरला कामाला लागतो. तेव्हा भारतीय संघ सलग ४८९ दिवस जिंकला नाही, ही गोष्ट आपण एका चहात पचवली. १९ मार्च २०२५ ला शिलाँगला मालदीवला ३-० हरवलं तेव्हा तो दुष्काळ संपला. तिसरा गोल सुनील छेत्रीचा. वय ४०. नऊ महिन्यांपूर्वी रीतसर निवृत्त झालेला माणूस, त्याला घरनं बोलावून आणला. दीडशे कोटींच्या देशात गोल मारायला दुसरा कोणी सापडेना. आमच्या गल्लीतसुद्धा गणपतीला लेझीमचा म्होरक्या मिळेना म्हणून निवृत्त मास्तरांना बोलावतात, पण निदान आम्ही त्याची बातमी करत नाही.

प्रशिक्षकाची निवड हा विषय मनोरंजन म्हणून घ्या. एक साहेब असे आले की ते भारताचेही प्रशिक्षक आणि त्याच वेळी गोव्यातल्या क्लबचेही. आपल्याकडं एकच माणूस सकाळी शाळेत आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवतो, तसं. ते गेल्यावर जुलैत जाहिरात निघाली आणि बातमी आली की अर्ज करणाऱ्यांत बार्सिलोनाचा झावीसुद्धा आहे! दोन दिवसांत कळलं की तो ईमेल खोटा. पेप ग्वार्डिओलाच्या नावानं आलेलाही खोटा. कोणीतरी पोरानं गंमत केलेली. आमच्या कारखान्यात हेल्परच्या जागेला अर्ज आला तरी मालक आधी फोन लावून खात्री करतो.

शेवटी खालिद जमील आले. आयझॉलसारख्या लहान क्लबला आय-लीग जिंकून देणारा माणूस. ताजिकिस्तानात जाऊन पहिल्याच सामन्यात यजमानांना २-१ हरवलं, तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. आणि मला आशा वाटली. या दुखण्यातलं हे सगळ्यात वाईट लक्षण. ते दिसलं की ताबडतोब अंगावर पांघरूण घेऊन झोपा. मी झोपलो नाही. मी मडगावला गेलो.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. फातोर्ड्याला भारत विरुद्ध सिंगापूर, आशिया चषकाची पात्रता फेरी. पाच दिवसांपूर्वी त्यांच्या घरी आपला झिंगन लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तरी दहा जणांत खेळून रहीम अलीनं नव्वदाव्या मिनिटाला १-१ केलं होतं. म्हटलं, आता जिवंत आहोत. शिवाय सिंगापूर म्हणजे काय, २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याचीच माणसं ४७ लाखांवर होती, त्यापेक्षा काही लाख जास्त माणसं त्या सगळ्या देशात. मावशी आजारी असल्याचं सांगून अर्धा दिवस रजा काढली. मी, पुतण्या आणि दोन मित्र. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. त्या रस्त्याविषयी तुम्हाला मी काय सांगणार! म्हादईच्या पाण्यावरनं दोन राज्यांचं एवढं भांडण, पण खड्ड्यांच्या बाबतीत दोघांचा एकोपा बघून डोळे भरून येतात. शिदोरीला चपात्या, शेंगाचटणी, आणि जिंकल्यावर वाटायला अर्धा किलो कुंदा.

चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगटेनं लांबून असा मारला की जाळीच हलली. मी शेजारच्या अनोळखी गोंयकाराला मिठी मारली. त्यानंही मारली. तेवढ्यात पुतण्यानं डबा उघडला! मी ओरडलो, "थांब की रे!" पण दोन ओळींत कुंदा वाटून झालेला. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला बरोबरी. अठ्ठावन्नाव्याला दुसरा. दोन्ही सिंगापूरच्या त्याच एका सोंग उई-यंगनं मारले. त्यानंतर अर्धा तास आपल्या संघाला घरच्या मैदानावर एक गोल करता आला नाही. एक! बॉल बाजूला, बॉल मागं, बॉल गोलकीपरकडं, मग वर उंच मारून देवाच्या हवाली. शेजारचे एक आजोबा कोकणीत जे बोलत होते ते मला सगळं कळलं नाही, पण मान डोलावत होतो. चार सामन्यांत दोन गुण, आणि २०२७ चा आशिया चषक त्या रात्रीच संपला. ज्या स्पर्धेत २४ संघ खेळतात तिथं आपण २४ मध्ये नाही. परत येताना घाटात धुकं, गाडीत कोणी कोणाशी बोलेना. कणकुंबीच्या अलीकडं टायर बसला. मोबाइलच्या उजेडात जॅक लावताना पुतण्या म्हणाला, "काका, आपण का येतो?" मी म्हटलं, पाना दे.

घरी पोचलो रात्री तीनला. सकाळी गोवावेसला चहाच्या गाड्यावर आमचा नेहमीचा दोस्त:

"काय बे, डोळे का लाल? काल कुठं गेल्तास?"

"मॅचला."

"होय की! जिंकलो की काल! सात विकेटनी!"

वेस्ट इंडिजविरुद्ध दिल्लीची कसोटी. तीही त्याच दिवशी संपलेली. मी म्हटलं, होय, जिंकलो.

तेव्हा सूचना लिहून घ्या: नव्वद मिनिटं संपल्याशिवाय कुंद्याचा डबा उघडू नये.

पुढची सूचना कितवी ते आता लक्षात नाही. नोव्हेंबरमध्ये ढाक्याचा सामना मोबाइलवर बघा, म्हणजे बफरिंगच्या वेळी आपण अजून हरलेलो नसतो. बांगलादेशनं १-० नं हरवलं, २००३ नंतर पहिल्यांदा. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा झालेला रायन विल्यम्स कॅम्पमध्ये येऊन बसला होता, पण त्याची कागदं वेळेत न आल्यानं तो खेळू शकला नाही. मराठीत परिपत्रकं मागून मागून केस पांढरे झालेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कागद नावाची वस्तू वेळेत येत नसते. त्या महिन्याच्या फिफा क्रमवारीत आपण १४२ वे. माझी ती जर्सी नवी होती त्या जुलैत आपण ९९ वे होतो. जर्सीपेक्षा संघ लवकर विटला.

आणि आता मेस्सी. १३ डिसेंबरला तो कोलकात्यात आला. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली आणि दिसले काय, तर त्याच्याभोवती फोटोसाठी कोंडाळं करून उभे राहिलेले पुढारी. थोड्या वेळात तो निघून गेला आणि लोकांनी खुर्च्या उखडल्या, बाटल्या फेकल्या. सॉल्ट लेकचं तेच मैदान, जिथं छेत्री कुवेतविरुद्ध ०-० करून रडत निवृत्त झाला होता. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर त्याच छेत्रीला मेस्सीच्या शेजारी उभं करून फोटो काढला. बघा, आपल्या कॅप्टनलाही अखेर फुटबॉल बघायला मिळालं, असं मी गमतीत म्हणणार होतो. पण नाही म्हणवत.

कारण त्याच वेळी या देशात फुटबॉलची लीगच चालू नव्हती. २०२५ च्या जुलैत आयएसएल ही देशातली मुख्य लीग थांबवून ठेवली. ती चालवायचं कंत्राट डिसेंबरच्या आठ तारखेला संपणार, हे पंधरा वर्षांपासून लिहून ठेवलेलं. नोव्हेंबरमध्ये निविदा उघडली तर एक माणूस बोली लावायला आला नाही. एकही नाही! २०२५ चा डिसेंबर संपत आला तरी पहिल्या सामन्याची शिट्टी वाजलेली नव्हती. खेळाडू घरी. पगाराची खात्री नव्हती. आणि मग विचारतात, स्ट्रायकर का तयार होत नाहीत. अहो, कुठं तयार व्हायचे ते, तुमच्या बैठकीत? फुटबॉल महासंघाची घटना कित्येक वर्षं कोर्टात अडकलेली होती, निवडणुका कोर्टात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये फिफाची बंदीची धमकी टेबलावर, आणि दर पराभवानंतर तेच निवेदन, की संघबांधणी चालू आहे. किती वर्षं बांधताय? बांधताय काय, संघ की धरण?

२०१८ मध्ये छेत्रीनं हात जोडून सांगितलं होतं, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात या. आम्ही आलो. बेंगळुरूला आलो, मडगावला आलो, टायर फोडून घेतला. आता तुम्ही या. एक पदाधिकारी, फक्त एक, चोर्ल्याच्या रस्त्यानं या आणि पुतण्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर देऊन जा.

आणि महासंघालाच शिव्या घालून मी सुटणार नाही, तुम्हीही सुटू नका. २३ जून २०२५ ला आपल्या मुलींनी थायलंडमध्ये मंगोलियाला १३-० हरवलं. पाच जुलैला यजमान थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून त्या आशिया चषकाला पात्र झाल्या. पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच. संगीता बासफोरनं दोन गोल मारले. त्या रात्री तुमचं स्टेटस काय होतं? माझं काय होतं ते मी बघितलं. वाढदिवसाचा केक होता. रात्री साडेबाराला जागून मँचेस्टरच्या बदली खेळाडूचं वय सांगणारे आपण, आपल्या गोलकीपर मुलीचं नाव विचारलं तर खाली बघतो. कोल्हापुरात पेठांच्या सामन्याला भिंतीवर चढून माणसं बघतात, आपण त्याला वेडेपणा म्हणून हसतो. तिथनं निदान अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपपर्यंत गेला. आपण काय पाठवलं? कुंदा.

आपल्या गल्लीजवळच्या मैदानावर रविवारी सकाळी पंधरा-वीस पोरं चपला ठेवून गोलपोस्ट करतात. बाकी आठवडा तिथं कधी फटाक्यांचे स्टॉल, कधी प्रदर्शन, कधी कोणाच्या तरी नावाचा टेनिस बॉल चषक, डीजे लावून. गेल्या रविवारी त्यातला एक पोरगा मांडवाच्या खांबासाठी मारलेल्या खड्ड्यात पाय जाऊन पडला, घोटा टम्म सुजला. डावखुरा आहे, चांगला मारतो. मांडव घालणारे आपलेच, वर्गणी देणारेही आपलेच. घाला मांडव, नाही म्हणत नाही. पण जाताना ते खड्डे बुजवून जा की लेको!