शेवरीचं बी

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि आज सकाळी केळीच्या बागेच्या पश्चिम बांधावर शेवरीचं, म्हणजे वारा अडवायला दाट लावतात त्या झाडाचं बी टोकलं. टोकताना आप्पांची फार आठवण आली म्हणून लिहितोय, पोस्ट मोठी झालीय पण केळीवाल्यांनी तरी वाचाच.

आमची बाग रावेर तालुक्यात, तापीकाठची काळी जमीन. मी शाळेत होतो तेव्हा शेवरीशिवाय बाग दिसायची नाही. मग ठिबक आलं, टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आली आणि बांध जड वाटायला लागला, ट्रॅक्टर वळत नाही, कडेच्या दोन ओळी दबतात, शेवरी पाणी खाते, म्हणून मीच ती काढली. आप्पा एवढंच म्हणाले, "भो, वारा अडवणारं काढू नको."

या मे महिन्यात दुपारी दोनला बागेत उभा होतो. पश्चिमेचं गरम वारं सुटलेलं, ठिबक चालू, मुळाशी ओल, तरी पानं कडेने करपत होती कारण पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं वर देऊच शकत नाहीत. मग घडाचा दांडा ढिला पडतो आणि अख्खा घड सटकतो. वाळल्या पानांनी घड झाकले, गोणपाट बांधलं, तरी पाच हजार खोडांतले साडेचारशे घड गेले. वीस किलोचा घड धरला तरी नव्वद क्विंटल माल जमिनीवर. बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव चढला काय आणि पडला काय, त्या मालाला काहीच उपयोग नाही. मजूर बायका पहाटे पाचला येतात आणि अकराला निघतात, मजुरी पूर्ण दिवसाची, आणि ती द्यायलाच पाहिजे, त्या उन्हात माणूस उभं राहू शकत नाही.

विमा होता. पण महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर सलग ठरलेले दिवस पारा ठरलेल्या आकड्याच्या वर राहिला तरच पैसे मिळतात. केंद्र माझ्या बागेपासून नऊ किलोमीटर, मधे एका दिवशी आकडा थोडा कमी भरला आणि क्लेम गेला. थंडीत चरका पडतो, म्हणजे गारठ्याने केळीला इजा होते, तेव्हाही हीच धाकधूक. विमा पाहिजेच, तो सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण तो नुकसान झाल्यावरचा पैसा आहे. ज्याने बांधावर दाट वारारोधक उभं केलं त्याला प्रीमियममध्ये थोडी तरी सूट द्या ना, हे मला मनापासून वाटतं. नुकसान कमी झालं तर सरकारचाही पैसा वाचतो.

पारावर एक मित्र म्हणाला, धूर सोडणार मोठे देश, तुझ्या शेवरीने काय होणार? धुराचं त्याचं खरंच आहे. २०२४ साल औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा साधारण १.५५ अंशांनी गरम होतं असं जागतिक हवामान संघटनेने सांगितलं, आणि तो हिशोब मोठ्या देशांनी द्यायलाच हवा. शेवरीने जगाचा ताप उतरत नाही, माझ्या घडाला लागणारं वारं मात्र अडतं. ही दोन वेगळी भांडणं आहेत आणि दोन्ही भांडावी लागतील.

आणि गावाने मिळून केलं तर काय होतं हे बघायला लांब जायची गरज नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, झाड तोडलं की दंड, नाल्यावर बंधारे घातले, आणि साधारण ४०० हेक्टर जंगल उभं राहिलं. ज्या पाड्यात पाण्याची मारामार होती तिथे विहिरींना पाणी आलं, लोक भात लावतात, वनभाज्यांची स्पर्धा भरवतात. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. मला त्या पदकापेक्षा दंडाचा नियम मोठा वाटतो, कारण तो शेजाऱ्याकडून वसूल करायला छाती लागते. इकडे आपण प्रत्येक जण एकटा बोअर खोल करत बसलोय.

तर दोन ओळी दाट टोकल्यात, दक्षिणेचा बांध उद्या. उत्तरेचा बांध शेजारच्या काकांचा आहे, संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. आठ किलो बी उरलंय, आजूबाजूच्या गावातल्या कुणाला लागलं तर घरी येऊन घेऊन जा, पैसे नको.