बिलाच्या तळाशी : ‘पार्किंग दंड २,०००’

आज दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मेंटेनन्सचं बिल माझ्यापुढे धरलं. सर्व्हिस चार्जेस, सिंकिंग फंड, पाणी, आणि सगळ्यात खाली ‘पार्किंग दंड २,०००’. काकूंकडे गाडीच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेक त्यांना घरी सोडायला आली होती. रिकाम्या जागेत गाडी लावून, डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईला धरून वर नेलं. खाली येते तो चाकाला जॅमर आणि ड्रायव्हरच्या बरोब्बर नजरेसमोर काचेवर चिकटवलेला कागद.

संताप दोन हजारांचा नाही. हे दोन हजार ठरवले कुणी?

सोसायटीला दंड लावताच येत नाही असं नाही. पण महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, त्याची रीत दिलेली आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाला सर्वसाधारण सभेपुढे म्हणणं मांडायची संधी, मग सभेचा निर्णय. आणि एका प्रकारच्या उल्लंघनासाठी आर्थिक वर्षात सगळा मिळून दंड ५,००० रुपयांच्या वर नाही. कमिटीच्या पाच जणांनी रात्री बसून ठरवलं, म्हणजे सभेचा ठराव झाला नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर वीस अंगठे आले, तरी नाही.

पार्किंगचा आकार वेगळा आणि दंड वेगळा, हेही बिल बनवणाऱ्यांना कळत नाही. आकार म्हणजे ज्याला जागा दिली आहे त्याने द्यायचे पैसे. त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते. काकूंना जागाच दिलेली नाही, मग आकार कसला? आणि ती जागा तरी कुणाच्या मालकीची आहे? मोकळी आणि स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. सभासदाला मिळतो तो वापरायचा हक्क.

बरं, पंपरूमसमोर, अग्निशमनच्या गाडीच्या वाटेत खुशाल गाडी लावून जाणारे आहेत, मान्य. त्यांना नोटीस द्या, सभेपुढे बोलवा. पट्टी बांधलेल्या बाईच्या लेकीला नाही.

ज्यांच्या बिलात अशी ओळ येईल त्यांनी ‘बिलच भरत नाही’ म्हणून अडून बसू नका. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बिल किंवा नोटीस मिळाल्याची तारीख किंवा भरायची शेवटची तारीख, यांतली जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत की तुम्ही थकबाकीदार, मग कमिटीच्या निवडणुकीलाही उभं राहता येत नाही. दंडाची रक्कम सोडून बाकी सगळं मुदतीत, चेकने किंवा बँकेतून भरा. सोबत पत्र द्या: ‘ही रक्कम चालू बिलापोटी आहे, दंड मान्य नाही, तो यातून वळता करू नये.’ हे लिहिलं नाही तर हिशेब ठेवणारा बहुतेक वेळा आधी जुनी बाकी आणि व्याज कापतो. दंड भरला गेल्याचं दिसतं आणि चालू मेंटेनन्स थकीत.

त्याच पत्रात विचारा: कुठल्या तारखेच्या सभेत ठराव झाला, ठराव क्रमांक काय, कुठला उपविधी, कारणे दाखवा नोटीस कधी दिली. इतिवृत्ताची प्रत मागा. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. वॉचमनच्या हातात पत्र देऊन येऊ नका, आणि त्याच्याशी भांडूही नका. त्याला वरून सांगितलेलं असतं.

काचेवरचा कागद खरवडण्याआधी फोटो काढा: कागद, जॅमर, नंबरप्लेट, जमिनीवरचे पट्टे, आणि गेटवर पाहुण्यांच्या गाड्यांबद्दल बोर्ड आहे की नाही ते. काकूंच्या लेकीने रागाने नखांनी कागद ओरबाडला, त्यामुळे त्यावर काय लिहिलं होतं ते आता कुणालाच सांगता येत नाही.

कागदपत्रं देत नसतील तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. दंडाचा किंवा पार्किंगचा वाद मात्र सहकार न्यायालयाचा विषय. लोक उलटं करतात आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ ऐकून महिनोन्महिने घालवतात.

काकू म्हणत होत्या, ‘भरून टाकते रे, लेकीला यायला संकोच नको.’ हे ऐकलं आणि डोकं शांतच झालं. वाईट वाटलं नुसतं. म्हाताऱ्या आईकडे यायला लेकीला संकोच वाटावा?

पत्र लिहून झालंय, दोन प्रती. उद्या सकाळी दहाला ऑफिस उघडलं की काकू सही करून स्वतः देणार आहेत. शिक्का मारल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, एवढं त्यांना सांगून ठेवलंय.