मॅरियन जोन्सचा ‘बळी’ कुणी घेतला?

भाताची कापणी उरकली की आमच्या सिंधुदुर्गात कबड्डीचा हंगाम सुरू होतो, आणि मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर खेळाबद्दलच्या ज्ञानाचाही. सध्या एक लांबलचक मेसेज कुडाळपासून पार दापोलीपर्यंत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्सला डोपिंगबद्दल, म्हणजे उत्तेजक औषधं घेण्याबद्दल, खोटं बोलली एवढ्यासाठी तुरुंगात टाकलं, सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला आयुष्यातून उठवलं, हा नावाजलेल्या खेळाडूंचा बळी देण्याचा प्रकार आहे. औषध सगळेच घेत होते, घाबरलेला माणूस खोटं बोलणारच, पदकं काढून घेतली तेवढी शिक्षा पुरे, शिक्षाही सगळ्यांना सारखी होत नाही, आणि प्रशिक्षक मात्र नामानिराळे. खाली हात जोडलेली चिन्हं.

मी मुलांना कबड्डी शिकवतो. त्यांच्यातल्या निम्म्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, म्हणून हे उत्तर.

‘सगळेच घेत होते’ यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. सगळे घेत नव्हते. ज्यांनी घेतलं नाही ते मागे पडले, म्हणून त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आता खोट्याबद्दल. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. जोन्सने सिडनीत 2000 साली 3 सुवर्ण आणि 2 कांस्य मिळवली. 2003 मध्ये, खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेच्या तपासात अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांना तिने सांगितलं, मी काही घेतलं नाही. 2007 मध्ये कबूल केलं की घेतलं होतं; तेव्हा मात्र ते जवसाचं तेल आहे असं वाटत होतं म्हणे. जानेवारी 2008 मध्ये तिला 6 महिन्यांची कैद झाली. पण ती कैद फक्त डोपिंगच्या खोट्याची नव्हती. बनावट चेकच्या एका वेगळ्याच प्रकरणातही ती तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलली होती आणि तेही तिने कबूल केलं होतं. मेसेजमध्ये चेकचा ‘च’ नाही.

आणि भीतीपोटी बोललेलं खोटं कसं असतं? विचारलं की नाही म्हणायचं आणि खाली मान घालायची. जोन्सने काय केलं? बाल्कोच्या मालकाने, व्हिक्टर कॉन्टेने, 2004 च्या अखेरीस टीव्हीवर सांगितलं की मी तिला औषध दिलं, तर तिने त्याच्यावरच 2.5 कोटी डॉलरचा अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. आर्मस्ट्राँगने तेच केलं. ब्रिटनच्या संडे टाइम्सने शंका घेतली तर त्याने खटला भरला, आणि 2006 मध्ये वर्तमानपत्राला पैसे मोजून तडजोड करावी लागली. त्याच्या संघात मालिश करणारी एमा ओरायली खरं बोलली, तर तिला बदनाम करून कोर्टात खेचलं. 2013 मध्ये ओप्रा विन्फ्रीसमोर बसून त्याने कबूल केलं, तोपर्यंत ही माणसं खोटारडी ठरून बसली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. यात भीती कुठे दिसते? दिसतो तो वकील लावायला लागणारा पैसा, आणि तो पैसा त्याच प्रसिद्धीतून आलेला.

भ्यायलेल्या माणसासाठी नियमांत वाट ठेवलेली आहे, हेही मेसेजवाल्याला ठाऊक नसावं. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2021 च्या संहितेनुसार, जिथे 4 वर्षांची बंदी होऊ शकते तिथे आरोपाची नोटीस आल्यापासून 20 दिवसांत दोष आणि शिक्षा दोन्ही मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. इतरांना पकडून देण्यात खरी मदत केली तर शिक्षेचा तीन चतुर्थांश भागही स्थगित होऊ शकतो. उलट खोटी कागदपत्रं दिली, साक्षीदाराला फितवलं, तपासात गोंधळ घातला, तर तो स्वतंत्र गुन्हा. म्हणजे औषध ही एक गोष्ट आणि खोटं ही दुसरी. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा, असा कांगावा इथे चालत नाही.

‘नाव मोठं म्हणूनच धरतात’ हे तर साफ चूक. स्कॉटलंडचा हातोडाफेकपटू मार्क ड्राय आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? 2018 मध्ये चाचणीवाले दारात आले तेव्हा तो चाचणीसाठी आधी कळवून ठेवलेल्या पत्त्यावर नव्हता. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या तरच कारवाई होते, एकीला काही होत नाही. तो आईवडिलांकडे गेला होता. तेवढं सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण याने सांगितलं, मी मासे पकडायला गेलो होतो! (गरवायला गेलो होतो ही सबब आमच्याकडे शाळा बुडवणारी पोरंसुद्धा आता देत नाहीत.) पहिल्या सुनावणीत तो सुटला, अपिलात 2020 मध्ये 4 वर्षांची बंदी बसली. ही शिक्षा मला जास्त वाटते, तेही सांगून टाकतो. पण ती प्रसिद्धीपायी झाली असं कुणी म्हणू नये.

प्रसिद्धी उलट कधीकधी उपयोगीच पडते. आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाचा, विरारचा पृथ्वी शॉ घ्या. फेब्रुवारी 2019 मधल्या चाचणीत टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. खोकल्याच्या औषधातून नकळत गेलं हा त्याचा खुलासा बीसीसीआयने मान्य केला आणि 8 महिन्यांची बंदी घातली, तीही मागच्या तारखेपासून. जुलैअखेर जाहीर झालेली बंदी मार्चपासून धरली आणि मधल्या काळात तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता. तो खोटं बोलला असं मी मुळीच म्हणत नाही. पण गावाकडच्या चढाईपटूला इतकी समजूतदार तारीख मिळेल का?

हे टर्ब्युटालिन म्हणजे कुठलं चोरटं इंजेक्शन नव्हे, गल्लीतल्या मेडिकलवर मिळणारं औषध. गेल्या हंगामात माझ्याकडचा एक उजवा कोपरारक्षक निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी अर्धी रिकामी बाटली घेऊन आला. चिकट झाकण, लेबलावर ओघळ. “काका, ह्या औषध घेतलंय तर चलात मां?” चष्मा लावून, बाटली दिव्याखाली धरून वाचावं लागलं. तिसऱ्या ओळीत होतंच. त्याला म्हटलं, बाटली फेकू नको, चिठ्ठीसकट जपून ठेव, आणि कुणी विचारलं तर आहे तसं सांग. असा पोरगा आणि आर्मस्ट्राँग यांना एकाच दयेच्या टोपलीत घालणारा मेसेज माझ्या डोक्यात जातो तो यामुळेच.

‘पदकं काढली, आणखी काय हवं?’ पदक काढल्याने दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं का? सिडनीच्या 200 मीटरमध्ये जोन्सच्या मागे बहामाजची पॉलीन डेव्हिस-थॉम्पसन दुसरी आणि आपल्या शेजारची, श्रीलंकेची सुशांतिका जयसिंघे तिसरी आली होती. एकीचं सुवर्ण आणि दुसरीचं रौप्य 2009 मध्ये जाहीर झालं. नऊ वर्षांनी! पोडियम नाही, राष्ट्रगीत नाही, जाहिराती नाहीत. रिलेतल्या जोन्सच्या सहकाऱ्यांची पदकंही ऑलिम्पिक समितीने काढून घेतली होती. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे भांडून 2010 मध्ये त्यांनी ती परत मिळवली. खोटं एकीचं आणि हेलपाटे इतरांचे. आपल्याकडे तर हिशेब आणखी सरळ आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. उत्तेजकावर मिळवलेल्या प्रमाणपत्राने जागा गेली की ती कुणाच्या तरी घरची गेली.

मेसेजमधल्या दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. शिक्षा सारखी होत नाही. जोन्सला तुरुंग झाला, पण त्याच तपासात खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरलेला तिचा प्रशिक्षक ट्रेव्हर ग्रॅहम एक वर्षाच्या नजरकैदेवर सुटला. सायकलपटू टॅमी थॉमसलाही शपथेवर खोटं बोलूनही घरातच कैद. बेसबॉलच्या बॅरी बाँड्सची शिक्षा तर 2015 मध्ये अपिलात रद्दच झाली. आर्मस्ट्राँगने 2018 मध्ये अमेरिकी सरकारला 50 लाख डॉलर देऊन फसवणुकीचं प्रकरण मिटवलं, एक दिवसही आत गेला नाही. एका काळ्या बाईच्याच वाट्याला तुरुंग का आला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. पण यावरून बाकीच्यांना सोडलं हे चुकलं असं निघतं, तिलाही सोडायला हवं होतं असं निघत नाही.

आणि प्रशिक्षक. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी 4 बाय 400 रिले जिंकली. पुढच्याच वर्षी त्यातल्या काही जणी उत्तेजक चाचणीत सापडल्या. परदेशी प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगवर त्यांनी बोट ठेवलं. त्याची नोकरी गेली, बस्स. मुलींची बंदी मात्र क्रीडा लवादाने एक वर्षाची दोन केली. वाडाच्या 2023 च्या आकड्यांत भारताचे 214 नमुने दोषी निघाले. 5,000 हून जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त, 3.8 टक्के. इतक्या पोरांनी डबे स्वतःच शोधून काढले असतील हे मला पटत नाही.

तेव्हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या मंडळांना एक सुचवतो. यंदाच्या स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर खेळाडूच्या सहीखाली प्रशिक्षकाच्या सहीचा रकाना ठेवा: कोणती पावडर, कोणतं औषध, कुणी दिलं. पहिली सही माझी घ्या.